दहा छऱ्यांची चकती

भोकरदनच्या शाळेत मी गणित शिकवते आणि ताई हिंदी. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणायची. जालन्याला शिक्षकांचं क्रीडा शिबिर होतं. शेवटच्या दिवशी तिथं सगळ्यांना छऱ्याची रायफल हाताळायला दिली. बाकीच्या बायका फोटो काढून बाजूला झाल्या. जेवणाची वेळ टळली तरी आम्ही दोघी तिथंच. परतीच्या एसटीत ती म्हणाली, "आपण एक घेऊ. दोघीत."

घेतली. साधीच होती, नळी मोडून भरायची. एका वेळी एकच छर्रा. नळी खाली ओढायची, अंगठ्यानं छर्रा बसवायचा, नळी परत वर, मग नेम. धावड्याच्या रस्त्याला तिचं शेत आहे. शेतामागं मुरुमाची जुनी खदान, आणि तिची उभी दरड छर्रे अडवायला अगदी बेस. रविवारी सकाळी तिच्या स्कूटीवरून जायचो. चहापत्तीचे रिकामे डबे मांडायचो, पुढं पुढं नेम धरायची छापील कार्डंही आणली.

पहिले तीन रविवार मला एक डबा पाडता आला नाही. ती तिच्या पाळीचे छर्रे मारायची आणि मग माझ्याकडे बघत बसायची. चौथ्या रविवारी म्हणाली, "डोळा कोणता मिटतीस गं?"

"उजवा."

"मंग बंदूक उजव्या खांद्यावर कशाला? डाव्यावर घे की."

मी जन्माची डावखुरी. लहानपणी डाव्या हातात पेन्सिल दिसली की हातावर पट्टी बसायची. जेवण उजव्यानं, लिहिणं उजव्यानं, फळ्यावरची समीकरणंसुद्धा. पंचेचाळीस वर्षांत "डाव्यानं कर" असं मला पहिल्यांदा कुणी म्हटलं असेल तर तिनं. मी रायफल डाव्या खांद्याला लावली, नि तिसऱ्या छऱ्याला डबा उडाला. मी खाली मुरुमात बसले आणि रडायलाच लागले. ती हसत होती, तिचेही डोळे भरले होते. माझ्याकडे इतकं नीट कुणी बघितलंच नव्हतं.

दोन वर्षं असं चाललं. मग तिला मोबाइलवर ती चकती दिसली. बांगडीपेक्षाही लहान, गोल, तिच्यात दहा छर्रे भरून ठेवायचे आणि रायफलीत बसवायची.

"नळी मोडायची भानगड न्हाई," ती म्हणाली. "बाजूचा खटका मागं ओढला की पुढचा छर्रा आपसूक बसतो, मंग मारायचं. खटका, मारायचं. दहा डबे एका दमात."

"एक छर्रा चुकला की दुसरा भरताना कळतं का चुकला ते," मी म्हटलं. "दहा धडाधड मारले तर काय कळणार?"

"प्रत्येक गोष्ट शिकायसाठीच करायची का? आठवडाभर वर्गात तेच तर करून राह्यलो."

तिचं अगदीच चुकीचं नव्हतं, मी तसं बोललेही. मग रायफल घेतली होती त्या दुकानदाराला तिनं माझ्यासमोर फोन लावला. तो म्हणाला, ही चकती तुमच्या रायफलीला बसत नाही. त्यासाठी हवेच्या टाकीची वेगळी रायफल लागते, पंपानं हवा भरावी लागते, आणि आपल्याकडे मिळते तिचा खटका उजव्या बाजूला असतो. मी काही बोलायच्या आतच ती म्हणाली, "बराबर हाय, हिला न्हाई जमणार. जाऊ दे." चहाचा कप खाली ठेवला आणि विषय संपला. माझ्यापुरता तरी संपला.

दिवाळीच्या सुट्टीत आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, म्हणून मी जाफराबादला माहेरी गेले, तीन आठवडे राहिले. तिचा रोज फोन यायचा. आईनं थेंब घातले का, डोळ्याला पाणी येतं का, सगळं विचारायची. आई म्हणायची, सख्खी बहीण असती तरी इतकी चौकशी केली नसती.

परतायच्या दिवशी स्टँडवर जीप भरायची वाट बघत बसले होते. शाळेच्या ग्रुपवर तिचा व्हिडिओ आला. तीच खदान, खटखटखट आवाज, आणि एकामागं एक पडणारे डबे. खाली कुणीतरी विचारलं होतं, नवी रायफल का मॅडम? तिनं लिहिलं होतं, हो, आम्ही दोघींनी मिळून बदलली, जुनी देऊन टाकली.

'आम्ही दोघींनी' हे शब्द मी परत परत वाचले. जीपवाला दोनदा हाक मारून गेला होता.

रविवारी मी शेतावर गेले. भांडायचं ठरवून गेले होते. तिनं हसत हसत रायफल माझ्या हातात दिली, "आधी मारून तर बघ." मी डाव्या खांद्याला लावली. प्रत्येक छऱ्याला खटका ओढायला हात वरून पलीकडे न्यावा लागायचा, की रायफलीला टेकलेला गाल सुटायचा, की नेम परत पहिल्यापासून. तरी खरं सांगते, पहिले तीन डबे पटापट पडले तेव्हा मजा आली. चौथ्यापासून छर्रे कुठं गेले ते दरडीलाच ठाऊक. दोन चकत्या संपल्यावर टाकीत हवा भरायला ती पंप मारत बसली. घामाघूम झाली. पूर्वी तेवढ्या वेळात आमचे वीस छर्रे शांतपणे मारून व्हायचे.

"जुनी कुठंय?"

"दुकानदारानं बदल्यात घेतली. संभाजीनगरला."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तू न्हाई म्हणली असतीस." पंप थांबवून ती माझ्याकडे बघत राहिली. "अगं, बंदूकच होती ना ती? लिहितीस उजव्यानं, जेवतीस उजव्यानं. हे पण येईल की जल्दी."

हे तिनं म्हणावं! मी तिची स्कूटी सोडून रस्त्यापर्यंत चालत आले आणि मिळेल त्या जीपनं घरी गेले.

पुढच्या शनिवारी मी संभाजीनगरचं दुकान गाठलं. वाटलं होतं, जुनी रायफल अजून तिथं असेल. विकून गेली होती. मी नाराज दिसले तशी दुकानदार म्हणाला, "पण मॅडम, तुमचा होकार होता ना? त्यांनी माझ्यासमोर तुम्हाला फोन लावला. फोन ठेवून त्या मला म्हणाल्या, ती हो म्हणते, ठीक आहे म्हणते."

बाहेर येऊन मी मोबाइलमध्ये दुकानदारानं सांगितलेल्या तारखेचा तिचा फोन शोधला. दुपारचा होता. मला तो बरोबर आठवला, कारण आईची पट्टी त्याच दिवशी काढली होती. ती म्हणाली होती, "सगळं ठीक ना?" आणि मी म्हटलं होतं, "हो ताई, ठीक आहे, तू काळजी नको करू."

माझ्या आईच्या डोळ्याची चौकशी तिनं अशी कामाला लावली.

त्यानंतर मी खदानीवर गेले नाही. आम्ही अजून एकाच स्टाफरूममध्ये बसतो. मागच्या महिन्यात नव्या क्रीडाशिक्षिकेनं मला विचारलं, "मॅडम, ती दहा छऱ्यांची चकती घेण्यासारखी आहे का?" मी म्हटलं, नुसत्या गमतीला हवी असेल तर जरूर घ्या, डबे पाडायला छान आहे. नेम सुधारायचा असेल तर एकेक भरा. ताई पलीकडे वह्या तपासत होती. तिनं मान वर केली नाही.

नंतर व्हरांड्यात तिनं मला गाठलं. "रविवारी येतीस का? पंप मारायला एकटीला कंटाळा येतो."

"न्हाई," मी म्हटलं.

त्या फोनबद्दल मला कळलंय हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. ओठांवर येतं आणि मग वाटतं, ती याचंही काहीतरी गोड उत्तर देईल आणि मला ते ऐकावं लागेल. स्टाफरूममध्ये ती सगळ्यांना सांगते, बंदुकीवरून रुसली माझ्यावर. मी ते खोडून काढत नाही.