लेन्स घेतल्या, पण नंबर लपवणार नाही

मंडळी, आज दिल्लीच्या करोल बागेत डोळ्यांच्या लेन्स घेतल्या. मी इथं सोनं गाळायच्या भट्टीवर कामाला आहे आणि पुढच्या आठवड्यात गावी मुलगी बघायला जायचंय. आईनं बजावलंय, "चष्मा दिसू देऊ नगं."

दुकानदार म्हणाला, "पहले खुद लगाके, खुद निकालके दिखाओ." वितळलेल्या सोन्याची तापलेली मूस चिमट्यात धरताना माझा हात हलत नाही, पण बोट डोळ्याजवळ नेलं की पापणी मिटायची. पाचव्यांदा जमलं!

मग माझं काम ऐकून तो म्हणाला, "भट्टी की आँच में लेन्स नहीं, चश्मा ही पहनना." म्हणजे चष्मा जन्माचाच. तिथंच ठरवलं, नंबर आहे हे मुलीला मीच सांगणार.

आईला फोन केला तर म्हणते, "मग लेन्स कशाला घेतल्यास रं?"

तुम्हीच सांगा, तिला काय उत्तर देऊ?