सलीमभाईंचा बगळा

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोपुढे तर नाहीच. तिला सांगितलं असतं तर ते गुपित राहिलं नसतं, आणि घरात मीही राहिलो नसतो. तसा मी बोलघेवडा. माझ्या फजितीचे किस्से दुबईत अल बर्शातल्या निम्म्या मराठी घरांनी ऐकलेत. ड्रायव्हिंग टेस्टला सहा वेळा नापास झालो तो, एका लग्नात चुकून बायकांच्या हॉलमध्ये शिरलो तो. लोक हसतात, मी आणखी मीठमसाला लावतो. पण या सगळ्यांच्या तळाशी एक किस्सा आहे, तो मी कधी काढत नाही. कारण त्यात फजिती माझी झाली नाही. दुसऱ्याची झाली — आणि ती मी केली.

कुठून सुरू करू? बगळ्यापासून करतो.

हसू नका. खरोखर एक बगळा होता. लोकरीचा, हातात घालून नाचवायचा, गळ्यात टाय. चाळीसेक वर्षांपूर्वी इंग्लंडात शनिवारी सकाळी मुलांचा एक कार्यक्रम लागायचा, त्यातला. दोन तास नुसता धिंगाणा — जादूगार, गाणी, फोनवरून कोडी, चांगल्या कपड्यातल्या मोठ्या माणसांच्या डोक्यावर कस्टर्डची बादली, आणि मध्येच हा बगळा यायचा नि सगळ्यांचा अपमान करून जायचा. मुलं चित्रं काढून पाठवायची. त्यातली काही पडद्यावर दाखवायचे, पाठवणाऱ्याचं नाव वाचायचे.

मी हे कधी पाहिलं? पाहिलंच नाही. मी तेव्हा सांगलीत होतो. शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर मांडी घालून युरिया केव्हा द्यावा आणि तुडतुड्यांवर काय फवारावं हे बघत होतो. आम्हाला शेत नव्हतं. कुंडीत एक तुळस होती.

पाहिलं होतं सलीमभाईंनी.

सलीमभाई आमच्या कंपनीचं स्टोअर सांभाळायचे. शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये आमचा पाइप-फिटिंगचा कारखाना — खाली गोडाऊन, वर ऑफिस. माणूस मूळचा रत्नागिरीकडचा, पण लहानपण सगळं शारजात. वडील इथे बंदरावर कामाला होते. मी नवा होतो, गाडी नव्हती (सहा वेळा, सांगितलंच), तेव्हा शारजातच त्यांच्या गल्लीत राहायचो आणि त्यांच्या गाडीतून जायचो-यायचो. ट्रॅफिकमध्ये अडकलेला माणूस काय करणार? बोलणार. मी माझे किस्से सांगायचो. ते एकच गोष्ट सांगायचे, पण काय सांगायचे!

त्यांच्या शेजारी एक इंग्रज कुटुंब राहायचं. त्या घरातल्या मुलाची आजी इंग्लंडात बसून हा कार्यक्रम कॅसेटवर टेप करायची आणि पोस्टाने शारजाला पाठवायची. मग शुक्रवारी, जुम्म्याची नमाज झाली की तो मुलगा आणि सलीम एका सोफ्यावर. "शनिवारचा प्रोग्राम आमी शुक्रवारी बघायचो, अविनाशभाऊ. इंग्लंडच्या एक दिवस पुढं होतो आमी!"

नऊ वर्षांचे असताना त्यांनी एक चित्र काढलं. टायवाला बगळा शारजाच्या खाडीत गलबतावर उभा आणि चोचीत सुका बांगडा. शेजारच्या बाईंनी ते पाठवून दिलं. दोन महिन्यांनी आलेल्या कॅसेटमध्ये, चक्क, ते लागलं. निवेदिकेने चित्र कॅमेऱ्यासमोर धरलं, सलीम, वय नऊ, शारजा, असं वाचलं आणि विचारलं — याने चोचीत जुना बूट का धरलाय? स्टुडिओतली मुलं खदखदून हसली. इथे सोफ्यावर सगळे टाळ्या वाजवतायत आणि सलीम रडतोय. "बांगड्याला बूट म्हनाली हो ती बाय!" हे सांगताना सिग्नल सुटलेला त्यांना कळायचा नाही, मागचे हॉर्न मारायचे.

पुढे ते कुटुंब इंग्लंडला परत गेलं, कॅसेटही गेली. सलीमभाईंकडे उरली नुसती गोष्ट. ती त्यांनी घरीसुद्धा कधी काढली नव्हती, मला दिली — विश्वासाने दिली म्हणा, की मी हसतो म्हणून दिली म्हणा.

आता माझं.

आमचा बॉस ग्रॅहम. इंग्लंडच्या उत्तरेकडचा, आमच्याच वयाचा, मनाने चांगला. पण लहानपणाचा विषय निघाला की त्याचे डोळे पाणावायचे. एकदा मीटिंग संपता संपता तो त्या शनिवारच्या कार्यक्रमाबद्दल बोलू लागला. बादली, जादूगार... समोर आम्ही सगळे केरळ, कराची, मनिला, सांगली — चेहऱ्यावरची माशी हलेना. त्याला बिचाऱ्याला कुणाशी तरी बोलायचं होतं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आणि तो टायवाला बगळा?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याचा हरवलेला भाऊ आहे. तुला कसा माहीत, म्हणाला.

इथे थांबतो जरा. कारण इथे एक वाक्य पुरलं असतं. खाली स्टोअरमध्ये सलीमभाई आहेत, त्यांनी सांगितलं. बस, खलास. जिना उतरायला वीस पायऱ्या. ग्रॅहम खाली गेला असता, दोघं गोडाऊनमध्ये पाइपांवर बसले असते, आणि दोघांनाही आपलं लहानपण समोर बसलेलं दिसलं असतं. मी काय म्हणालो?

मी म्हणालो, माझे वडील शारजाला कामाला होते.

माझे वडील! सांगलीत जिल्हा परिषदेत कारकून. उभ्या जन्मात पासपोर्ट काढला नाही. त्यांना मी एका दमात समुद्र ओलांडून आणलं आणि बंदरावर कामाला लावलं. मग शेजारी आले, आजी आली, कॅसेट आली, सोफा आला. चित्रही आलं. चोचीतला बांगडासुद्धा मी सोडला नाही — माझ्या घरात तीन पिढ्या अंडं शिजलेलं नाही, आणि मी बांगड्यासाठी रडलो म्हणून सांगितलं. ग्रॅहम हसता हसता टेबलावर हात आपटत होता. वर म्हणतो, मला आठवतंय बहुतेक, तो बूट! आता तोही खोटं बोलत होता की काय कोण जाणे. पण त्यानंतर मला मागे फिरायला रस्ता नव्हता. किंवा होता, मी वळून पाहिलं नाही.

त्या दिवसापासून मी ग्रॅहमचा माणूस झालो. कुणी पाहुणा आला की, "अवी, तुझी बगळ्याची गोष्ट सांग." मी सांगायचो. चांगली सांगायचो. कुठे थांबायचं, बूट शब्द कसा टाकायचा, सगळं जमून गेलं. वर्षभरात डिपार्टमेंट माझ्याकडे आलं. ते बगळ्यामुळे आलं असं कोण म्हणेल? मी म्हणतो. फॅमिली डेला मी बायकोला एकदाही नेलं नाही. सासऱ्यांच्या शारजातल्या नोकरीबद्दल कुणी तिला विचारलं असतं तर? आणि इतकं होऊन मी रोज संध्याकाळी सलीमभाईंच्याच गाडीत बसायचो. वर माझी गोष्ट, खाली त्यांची, आणि मध्ये वीस पायऱ्या. ती मंडळी वर येत नसत, ही मंडळी खाली जात नसत. मी निर्धास्त होतो.

मग ग्रॅहम इंग्लंडला परत जायला निघाला. कंपनीच्या हॉलमध्ये, शनिवारी सकाळी, सगळ्या कामगारांना कुटुंबासह बोलावून निरोपाचा कार्यक्रम ठेवला. ज्यूस, समोसे, माइक. मी एकटाच. सलीमभाई बायकोला आणि मुलाला घेऊन आलेले. मुलगा फैझान, सोळाचा असेल. सलीमभाईंनी इस्त्रीचा सफारी घातला होता. मला वाटलं, निरोपाला घातलाय. तो स्टेजवर जाण्यासाठी होता.

त्यांनी कधीतरी, कुणाकडून तरी ऐकलं होतं की ग्रॅहमसाहेबांना तो कार्यक्रम आवडतो. एवढंच ऐकलं होतं. मला त्यांनी सांगितलं नाही. त्यांना सगळ्यांना चकित करायचं होतं — मलासुद्धा. माइक हातात घेऊन ते मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगू लागले. सर, व्हेन आय वॉज नाइन इयर... शेजारी, आजी, कॅसेट. समोरची वरच्या मजल्यावरची माणसं एकमेकांकडे बघू लागली. कुणीतरी फिस्सकन हसलं. सलीमभाई बगळ्यापर्यंत आले आणि ग्रॅहम प्रेमाने, अगदी प्रेमाने म्हणाला, "हबीबी, दॅट्स अवीज् स्टोरी!"

हॉलमध्ये हशा. सलीमभाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मदतीसाठी पाहिलं. त्यांना वाटलं, आता अविनाशभाऊ उठतील आणि सांगतील.

अविनाशभाऊ उठले. ग्रॅहम हाका मारत होता, "कम ऑन अवी, वन लास्ट टाइम!" मी स्टेजवर गेलो. त्यांच्या हातातून माइक घेतला — त्यांनी तो लगेच सोडला, ओढावा लागला नाही — आणि त्यांच्या शेजारी उभा राहून त्यांची गोष्ट सांगितली. पहिल्यापासून. बुटाला सगळा हॉल हसून लोटपोट झाला. सलीमभाईही टाळ्या वाजवत होते.

खाली उतरलो तेव्हा फैझान बापाला विचारत होता, दबक्या आवाजात, पण मला ऐकू आलं. "अब्बा, व्हाय वुड यू डू दॅट? सरांची स्टोरी आहे ना ती?" सलीमभाई समोशाच्या प्लेटकडे बघत होते.

पार्किंगमध्ये मी त्यांना गाठलं. काय बोलणार होतो? मला माहीत नाही. तेच बोलले. "तुमी सांगितलंत तेव्हा सगळे बरोबर जागेवर हसले. तुमचं इंग्लिश चांगलं आहे, सर."

सर. आठ वर्षांत पहिल्यांदा. त्यानंतर अविनाशभाऊ कधी झालं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी टॅक्सीने जाऊ लागलो, आणि सातव्या वेळी पास झालो.

हे सगळं जुनं. तुम्ही म्हणाल, झालं गेलं. पण पुढे ऐका.

जुने कार्यक्रम लोक हल्ली इंटरनेटवर टाकतात. मला भीती बसली की कधीतरी तो भाग कुणीतरी टाकेल. म्हणून मी शोधू लागलो. वर्षानुवर्षं. एकेक भाग पाहिला. आज मला त्या कार्यक्रमाचं शीर्षकगीत पाठ आहे, जादूगाराचा कोणता हात खोटा ते कळतं. आणि खरं सांगू? मला तो आवडू लागलाय. तो सोफा आठवून मी हळवा होतो, जो मी पाहिलेलाही नाही. सांगलीत शनिवारी सकाळी मी काय करायचो ते आठवायला गेलो तर काहीच येत नाही. वडिलांचा चेहरा येतो, तो बंदरावर.

चार महिन्यांपूर्वी तो भाग सापडला. चित्र धूसर, आवाज घोगरा. निवेदिका कागद धरते, "सॅलेम, एज नाइन, शारजा" असं चुकतमाकत वाचते. मी थांबवून पाहिलं. मला मासे ओळखता येत नाहीत, पण तो बूट नव्हता. पाठीवर पट्टे होते — निळ्या पेन्सिलीने एकेक काढलेले, बारीक, जपून. बांगडाच होता. इतकी वर्षं त्याला बूट म्हणून मी टाळ्या घेतल्या.

क्लिप फोनमध्ये उतरवून घेतली. सलीमभाई आता गावी असतात. गुडघ्यांनी दगा दिला. दर दिवाळीला त्यांचा मेसेज येतो, "सर, दिवाळी मुबारक." मी हात जोडल्याचं चित्र पाठवतो. क्लिप पाठवायला एक बोट पुरतं. पाठवलेली नाही.

आणि गेल्या महिन्यात अल बर्शातल्या मॉलमध्ये मागून हाक आली, "अंकल!" फैझान. उंच झालाय, दुबईत नोकरी करतो, चांगलं चाललंय. इकडचं तिकडचं बोललो. मग जायला निघताना तो थांबला.

"अंकल, आय ऑल्वेज वॉन्टेड टू से सॉरी. त्या फेअरवेलला अब्बांनी तुमची स्टोरी... आय वॉज सो एम्बॅरस्ड. अजूनही म्हणतात, चित्र माझंच होतं. आम्ही आता काही बोलत नाही. लेट हिम."

फोन माझ्या हातात होता. हातातच.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्या मनाच्या माणसाच्या आवाजात म्हणालो, "जाऊ दे रे. होतं असं. ऐकून ऐकून माणसाला आपलंच वाटायला लागतं. मी कधी मनावर घेतलं नाही."

त्याचा चेहरा मोकळा झाला. म्हणाला, अब्बांना आजच फोन करून सांगतो, सरांनी तुम्हाला माफ केलंय म्हणून.

सांगितलं असेल.