पाठीवरचं ठिगळ

पोलिसांच्या गोळीने मेलेल्या माणसाबद्दल खरं काय ते शोधायचं झालं, तर तुम्ही पहिल्यांदा कुणाच्या दारात जाल?

मी कचेरीत गेले. वडखळच्या पुढे खाडीकाठच्या एका गावात, माझ्या जन्माआधी, मोर्चावर गोळीबार झाला आणि एक मिठागर कामगार मेला. त्याच्यावर मला लिहायचं होतं. माहितीच्या अधिकारात चौकशी अहवाल मागितला. महिन्याने एका ओळीचं उत्तर आलं: मुदत संपल्याने कागद नष्ट केले. माणूस मारल्याच्या कागदालाही मुदत असते, हे मला तेव्हा कळलं.

रोह्याच्या एका वाचनालयात जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे उपसले. आतल्या पानावर चार ओळी मिळाल्या, पोलिसांनी सांगितलेल्या. तो दगड घेऊन अंगावर धावला, गोळी छातीत लागली. पेणला आमच्या घरातलं पत्रकही म्हणत होतं, ‘छातीवर गोळी झेलली’. ते मोर्चा काढणाऱ्या संघटनेसाठी बाबांनी लिहिलेलं, मला लहानपणापासून पाठ. दोन्हीकडचं जुळलं म्हणून मी खूश झाले. त्या खुशीची आज किळस येते.

त्याच्या बायकोकडे सगळ्यांत शेवटी गेले, तेही फक्त फोटो मागायला. ती वाल सोलत बसली होती. पत्रक वाचून दाखवलं तशी ती हसली.

“छातीत लागली असती, तर मी ठिगळ पाठीला कशाला लावलं असतं गो?”

प्रेताबरोबर कपड्यांचं गाठोडं तिच्या हातात दिलं होतं. पुरावा म्हणून ठेवायची कुणाला गरज वाटली नव्हती. मेलेल्याचे कपडे टाकून देतात, पण घरात बरा शर्ट तेवढाच, पुढून अगदी धड. तिने भोक शिवलं आणि दीर तो घालून दोन हंगाम मिठागरावर गेला. आता पाठीचा तुकडा तेवढा पेटीत होता, ठिगळासकट.

“तो पळत होता. घरी यायचं होतं त्याला. तसं लिहिशील?”

घरी येऊन बाबांना विचारलं. त्यांना ठाऊक होतं. पाठीत गोळी म्हटलं की लोक पेटत नाहीत, असं म्हणून त्यांनी ताट पुढे ओढलं. पोलिसांना हवं तेच खोटं आम्ही लाल शाईत छापून गावोगाव वाटलं होतं. त्या रात्री मी त्यांच्या पंगतीला बसले नाही.

तो पळत होता. गोळी पाठीत लागली. ते पत्रक तुमच्या घरात कुठे असेल तर फाडू नका. ‘छातीवर’ खोडा, वर ‘पाठीत’ लिहा आणि शेजाऱ्याला वाचायला द्या.