दुखवट्याचा घास

ह्या वयात मी मटण खाते याचं लोकांना फार नवल वाटतं. त्यातून विधवा बाई, आणि तीही पंगतीत बसून हाडूक चोखणारी. परवा दिराच्या नातसुनेची बहीण आली होती. तिनं विचारलंच, आजी, आता तरी सोडायचं की, देवाधर्माचं वय झालं. तिला म्हटलं, बाई, माझ्या ताटात बघू नको, तुझं गार व्हायलंय. पोरगी गप्प झाली. पण मी तरी कुणाकुणाला गप्प करू? म्हणून एकदा सगळं सांगूनच टाकते. मी सोडलं होतं. निदान सोडते असं चारचौघांत बोलून बसले होते.

आमचं गाव पेडगावच्या शिवाराला लागून. राज्य निजामाचं होतं, पण निजाम काही आमच्या चुलीपर्यंत कधी आला नाही. चुलीवर राज्य आत्याबाईंचं. सासूला आम्ही आत्याबाई म्हणत असू आणि सासऱ्याला मामंजी. आत्याबाई उंच, काळ्यासावळ्या, बोलायला तोडून टाकणाऱ्या. लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हा मला त्यांची एवढी भीती वाटायची की पाणी पितानाही आवाज होऊ द्यायची नाही.

माझे मालक मात्र उलट्या स्वभावाचे. हसरे, आणि खाण्याचे मोठे शौकीन. मटणातली हाडाची नळी हाताला लागली की ताटाच्या काठावर अशी ठोकायचे की मामंजी डोळे वटारायचे. बायका मागून जेवायच्या. तर मी जेवायला बसले की भगोण्याच्या तळाशी एक चांगला तुकडा हटकून उरलेला असायचा. कसा उरतो हे मला बरेच दिवस कळलंच नाही. तो माणूस आपल्या वाटणीचा तुकडा परत भगोण्यात टाकून उठायचा. मला ते फार आवडत होते. तेव्हा असं बोलायची सोय नव्हती, आता बोलते.

कापूस वेचणीच्या दिवसांत त्यांना ताप भरला. परभणीहून हकीम आणला. त्यानं नाडी धरली, जीभ बघितली आणि मुदतीचा ताप सांगितला. परहेज कडक. भाताची पेज आणि साबुदाण्याचं पाणी, बाकी काही नाही. ताप उतरला तरी तिखट-तेलकट पोटात गेलं तर आतडं फाटेल, असं त्यानं आत्याबाईंना दोनदा बजावलं. पुढं ताप उतरायला लागला आणि त्यांना भूक लागली. एका दुपारी त्यांनी आत्याबाईंचा पदर धरला आणि वाटीभर रस्सा मागितला. भाकर नको, तुकडा नको, नुसता रस्सा. आत्याबाईंनी त्यांच्या तोंडावरून हात फिरवला, बरा हो, मग तुझ्यासाठी अख्खं बोकड कापते म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी परत मागितला. त्यांचं तोंड लहान लेकरासारखं झालं होतं. आत्याबाईंनी परत नाही म्हटलं. मग त्यांनी मागायचं सोडलं. ताप उलटला आणि ते गेले.

हकिमाचं चुकलं नव्हतं, आत्याबाईंचंही नाही. पण हे आईला कोण पटवणार? त्या रडल्या नाहीत. तेराव्याला ओसरीवर भावकी बसली होती. आत्याबाई आतून आल्या आणि उंबऱ्याशी उभ्या राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या.

"म्या मटण सोडलं. लेकरू वाटीभर रस्सा मागत गेलं, म्या दिला न्हाई. आता माझ्या तोंडात तो घास जायचा न्हाई. गंगेवर जाऊन पाणी सोडते."

गंगा म्हणजे आमची गोदावरी. तिच्या पात्रात उभं राहून ओंजळीनं पाणी सोडलं की सोडलेली वस्तू जन्माची सुटली.

माझी बोलायची काही गरज नव्हती. पण मी दाराआडून म्हणाले, मग मी बी सोडते. भावकीतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. पोरगी खानदानी निघाली, असं एक चुलत सासू म्हणाली. मी तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची. खोटं बोलले नव्हते. त्यांच्यासाठी मी काहीही सोडलं असतं. फक्त मला सोडायला उरलं काय आहे, हे मी बघितलं नव्हतं. कुंकू गेलं होतं, बांगड्या गेल्या होत्या, हिरवं लुगडं गेलं होतं, लग्नाकार्यातली पुढची जागा गेली होती. जिभेची चव तेवढी राहिली होती, तीही मी बोलून घालवली.

आमच्यात सुतक फिटलं तरी दुखवटा फिटत नाही. सोयरे बोकड घेऊन येतात, भावकी पंगतीला बसते आणि घरच्यांचं तोंड तिखट करते. तोवर घरात तळण नाही, भावकीत लग्नाची सुपारी नाही. मयताची आई असली तर पहिला घास तिचा, मग बायकोचा. आईनं मटण सोडलेलं असलं तर तिच्या ताटात पुरण वाढतात. त्याला कुणाची हरकत नसते. पण मग विधवा सुनेच्याही ताटात पुरणच. सासूनं लेकासाठी सोडलं ते सुनेनं खाल्लं, तर तिला कुणी जगू द्यायचं नाही. आणि दुखवट्याला जिनं पुरण खाल्लं तिला पुढं मरेपर्यंत मटण नाही. बोकड माझे वडील आणणार होते. झरी गावाच्या पलीकडं माझं माहेर, तिथून त्यांनी सांगावा धाडला, तर आत्याबाईंनी उलट कळवलं की आधी आम्ही दोघी गंगेवर जाऊन येतो, मग या.

समोर वाण्याचं दुकान होतं. लिंगायत घर, गळ्यात लिंग, महादेवाची पूजा केल्याशिवाय पाणी पीत नसत. वाणीणकाकूंची आणि आत्याबाईंची जुनी बैठक, पण काकू आमच्याकडं कधी जेवल्या नाहीत. मटण सोडल्याचं ऐकून त्यांना बरं वाटेल अशी आत्याबाईंची समजूत होती. एका संध्याकाळी त्यांनी ते काकूंना सांगितलं. मी जवळच जोंधळे निवडत होते.

काकू म्हणाल्या, "आमी जन्मात कधी खाल्लं न्हाई, आमाला त्याचं काय वाटणार? पण बाई, तुमी सोडायलाव ते भक्तीनं, का सोताचा सूड घ्यायलाव?"

काकूंनी माझ्याकडं बोट केलं. "आन् ह्या पोरीनं कुणाचा सूड घ्यायचा?"

आत्याबाईंना असा राग आला की त्यांनी पानाचा डबा लावून आत नेला आणि काकूंना तशाच जाऊ दिल्या. मलाही काकूंचा राग आला होता. माझं मोठेपण कमी करतात, असं वाटलं होतं मला. काय शहाणी होते मी.

सोनपेठच्या अंगाला आत्याबाईंचं माहेर. तिथून गंगा जवळ. बैलगाडीनं मुक्काम करत जायचं ठरलं. निघायच्या आदल्या दुपारी मी वाटेसाठी दशम्यांचं पीठ मळत होते. आमच्या परसाला लागून पिंजाऱ्याचं घर होतं. कापूस पिंजायचं काम करणारी मुसलमान माणसं, गरीब, पण त्या दिवशी त्यांच्याकडं पाव्हणे आले असावेत. आधी कांदा भाजल्याचा वास आला. मग खोबरं. मग मटण फोडणीत पडल्याचा वास सगळ्या परसात भरला.

माझा हात परातीत थांबला. तोंडाला पाणी सुटलं. किती दिवस मी मीठ-भाकरीवर होते आणि अंगात अशी भूक उठली की मला पीठ दिसेना. मला स्वतःची शिसारी आली. ज्या माणसानं माझ्यासाठी तुकडा ठेवला तो राख झालाय, आणि मी इथं वास घ्यायलीये. मान वर केली तर आत्याबाई दारात उभ्या. किती वेळ बघत होत्या कोण जाणे. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. त्या तशाच आत गेल्या आणि संध्याकाळी जेवल्याही नाहीत.

सकाळी गाडी जुंपली. मामंजी कासरा धरून उभे होते, माझं गाठोडं गाडीत ठेवलेलं. आत्याबाई बाहेर आल्या त्या गाठोड्याशिवाय, हात हलवत.

"बैल सोडा," त्या मामंजींना म्हणाल्या. "गंगा न्हाई, काई न्हाई. हिच्या बापाला सांगावा द्या, बोकड घेऊन या म्हणावं."

मामंजींनी काय झालं म्हणून विचारलं. त्या बोलल्या माझ्याशी.

"काल परातीवर बसली व्हतीस तवा तुझं तोंड त्याच्यावानी झालतं. रस्सा मागताना व्हायचं तसं. एकाला म्या न्हाई म्हनले. आता दुसऱ्याला म्हनायची न्हाई."

मला काही नको, मी माझ्या खुशीनं सोडतेय, असं मी रडत रडत म्हणाले. त्यावर त्यांनी मला पाठीत एक धपाटा घातला. हळूच, पण घातला. तुझं आयुष्य लय हाय, म्हणाल्या. मामंजी भले माणूस. ते म्हणाले, तू नको खाऊ, पोरीला खाऊ दे, भावकीला मी बघून घेतो. आत्याबाईंनी मान हलवली. भावकी गप बसेल, पण सासूनं सोडलेलं ही पोर कधी गिळायची नाही, म्हणाल्या. खरं होतं ते. मी कधीच खाल्लं नसतं.

वडील बोकड घेऊन आले. मांडव नव्हता, अंगणातच पंगती बसल्या. बायकांच्या पंगतीत आत्याबाई पहिल्या, त्यांच्या शेजारी मी. त्यांच्या ताटात मटण वाढलं तशी कुजबूज सुरू झाली. तेराव्याला सोडते म्हणाली आणि महिनाभरातच जीभ सुटली, असं कुणी तरी बोललं. मला खानदानी म्हणणारी चुलत सासूच बोलली, आता कशाला लपवू. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आत्याबाईंनी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्यांनी भाकर मोडली, तुकडा घेतला, तोंडात घातला. बराच वेळ चावत राहिल्या. त्यांच्या गळ्याची शीर हलताना मला दिसली. घास गेला. आणि लगेच तोंडावर हात धरून त्या उठल्या आणि गोठ्यामागं धावल्या.

उलटीचा आवाज सगळ्या पंगतीनं ऐकला. माझे वडील पुरुषांच्या पंगतीत होते. त्यांनी ताटातला हात मागं घेतला. घास पडला, दुखवटा फिटला नाही, देवालाच मंजूर नाही, असं बायका म्हणायला लागल्या. दोघींना पुरण वाढा, म्हणाल्या. एक जण उठून पुरणाचं ताट घेऊन आलीही. मी खाली बघत बसले. खरं सांगते, मला त्या क्षणी आत्याबाई परत येऊ नयेत असंच वाटत होतं. कुणाचा जीव एवढा पिळून मला जेवायचं नव्हतं.

त्या आल्या. तोंड धुतलेलं, चेहरा ओला, पदर भिजलेला. आपल्या पाटावर बसल्या. पुरणाचं ताट त्यांनी उलट्या हातानं बाजूला सारलं. मग मटणाचा दुसरा तुकडा घेतला, पहिल्यापेक्षा मोठा. डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि तो तुकडा खाल्ला. त्यांचं सगळं अंग थरथरत होतं, मला मनगटात कळत होतं. बोटं एवढी आवळली की नखं रुतली. गळ्याशी आलेलं त्यांनी परत गिळलं. घास पोटात टिकला अशी खात्री होईपर्यंत त्यांनी माझं मनगट सोडलं नाही.

"आता तू," त्या म्हणाल्या.

मी घास घेतला. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, नाकातोंडात खारट पाणी जात होतं, आणि तरीही घास चांगला लागला. फार चांगला लागला. विधवेनं खाली मान घालून जेवायचं असतं, पण मी मान वर केली आणि त्यांच्याकडं तोंड करून चावत राहिले, चांगला लागला हे त्यांना दिसावं म्हणून.