सूर्यकांत मेस्त्रींची हरवलेली अक्षरं

सूर्यकांत मेस्त्री दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या साइनबोर्डच्या कारखान्यात सव्वीस वर्षं आहेत. बोर्ड गाडीत चढण्याआधी त्यावरचं अक्षर न् अक्षर वाचून सही करायची, हे त्यांचं काम. तीन आठवड्यांपूर्वी सकाळी पेपर उघडला आणि अक्षरांच्या नुसत्या रेघा झाल्या. माणसं ओळखू येत होती, सहीसुद्धा झरझर होत होती. वाचता मात्र येईना. नोकरीवर व्हिसा, म्हणून कोणाला बोलले नाहीत. सवयीने सह्या करत राहिले.

"चष्म्याचा नंबर वाढलाय तुमचा," बायको प्रमिलाताई म्हणायच्या. ते मान हलवायचे.

गुरुवारी नात ओवी अक्षरं कुठून आली यावरचा शाळेचा प्रोजेक्ट घेऊन मांडीला टेकली. इंग्रजी 'ए' तिने उलटा धरला.

"आजोबा, लुक! हॉर्न्स. इट्स अ बुल."

खरंच बैलाचं तोंड दिसलं. हजारो वर्षांपूर्वी लोकांनी चित्रांतून अक्षरं काढली, आणि हिब्रूत त्यांची नावं अजून टिकून आहेत: आलेफ म्हणजे बैल, त्याचा 'ए' झाला; मेम म्हणजे पाणी, त्याचा 'एम'; आयिन म्हणजे डोळा, त्याचा 'ओ'; रेश म्हणजे डोकं, त्याचा 'आर'. सूर्यकांतांनी ती चित्रं तिच्याकडून तीनदा काढून घेतली.

"व्हाय अगेन?"

"म्हातारा झालोय गं. विसरतो."

शनिवारी एका हॉस्पिटलचे बोर्ड तयार होते. पहिल्यावर डोकं, डोळा, डोळा, पाणी. रूम! त्यांनी सही केली. दुसरा लाल, मोठा, बाण काढलेला. त्यात पाणी सापडलं, डोकं सापडलं. बाकी सगळी खडी. पेन टेकवलं आणि उचललं.

"क्या हुआ, सूर्यभाऊ? इमर्जन्सी का बोर्ड है, गाड़ी खड़ी है," फोरमन मोहिद्दीन म्हणाला.

"मेरे से पढ़ा नहीं जाता. तीन हफ्ते हो गए."

मोहिद्दीनने आधी हसून पाहिलं, मग त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं.

"तीन हफ्ते में कितने बोर्ड गए?"

"चालीस तो होंगे."

"या अल्ला." तो स्टुलावर बसला. "नौकरी का बाद में देखेंगे. लिस्ट निकालो. और भाभी को फोन लगाओ, अभी डॉक्टर के पास जाना है."

यादी मोहिद्दीनलाच वाचावी लागली. तिसरं नाव एका शाळेचं होतं. तिथे गेल्या होत्या आग लागली तर कुठल्या जिन्याने उतरायचं ते सांगणाऱ्या पाट्या. तिकडे फोनवर प्रमिलाताई "हॅलो, हॅलो" म्हणत होत्या, आणि सूर्यकांत एवढंच म्हणाले, "चष्मा नाही गं, मला वाचताच येत नाहीये."