आधी ‘बाय’ म्हण

मल्टिमीडिया हा शब्द अजून कोरा करकरीत होता तेव्हाची गोष्ट. मुंबईत माझी पीएचडी चालली होती आणि घरी कुणी विचारलं की मी सांगायचे, चित्र, आवाज आणि अक्षरं एकाच टेलिफोनच्या तारेतून पाठवायची. मास्तर इथे, वर्ग तिथे. ताई म्हणायची, “बाय, एका तारेत येवढं सगळं कोंबलंस तर तुटंल ना गो ती!”

‘बाय’ म्हणजे मी. आमच्याकडे पालघरच्या बाजूला धाकट्या बहिणीला अशीच हाक मारतात, आणि ताईचं तर एकही वाक्य त्याशिवाय सुरू होत नसे. आई, घरातल्या बोलीत आय, मी लहान असतानाच गेली. ताईने शाळा सोडली, मला वाढवलं आणि चिकूची वाडीही सांभाळली. माझ्या वेण्या घालता घालता ती माझ्याकडून पाढे म्हणवून घ्यायची.

तार तुटण्यावरून ताईने चेष्टा केली, पण माझ्या डोक्यात दिवसभर तेच असायचं. मी जात्याच काळजी करणारी. गॅस बंद केला का हे बघायला जिना परत चढणारी. त्यात आमची तार अगदीच अशक्त, आवाज आणि चित्र तिला एकदम पेलत नसत. त्यावर मी जी युक्ती काढली, तोच माझा प्रबंध. कुणी बोलत असेल तोवर तार आवाजाला द्यायची, बोलणं थांबलं की त्या शांततेत चित्र पुढे सरकवायचं. पुन्हा कुणी तोंड उघडलं की चित्र असेल तिथे थांबणार. कॅमेऱ्याने टिपलेल्या एका क्षणाचं काळंपांढरं चित्र पडद्यावर वरून खाली पट्ट्यापट्ट्यांनी उतरायला मिनिटभर घेई. वर्ग बडबडा असला तर चहा पिऊन यावं.

पालघरच्या एका शाळेने वरच्या मजल्यावरची खोली दिली. अभ्यासक्रम पंप आणि मोटर दुरुस्तीचा. बोईसरच्या कारखान्यातले दोघे हिंदी बोलणारे, मासवणकडचा एक, मुरब्याची बर्फाच्या कारखान्यात काम करणारी एक बाई आणि ताई. वाडीतला पंप दर उन्हाळ्यात जळायचा, बोईसरचा दुरुस्तीवाला आज येतो, उद्या येतो करायचा आणि तोवर चिकू सुकायचे. “मलाच शिकव,” ताई म्हणाली. मला विद्यार्थी कमी पडत होते, मी लगेच हो म्हटलं. पण ती खरंच शिकली. तालमीत मुंबईहून शिकवणारे सर विचारत, “टेस्टर लावून सांगा, करंट आहे का?” ती म्हणे, “बाय, नाय.” सर हसत. मेन आधीच बंद केलेलं असे, म्हणून उत्तर नेहमी तेच.

मग या प्रयोगाची पाहणी करायला समिती येणार असं ठरलं. त्यांना पसंत पडलं तर पालघरची खोली चालू राहणार, नाहीतर खोलीला कुलूप आणि माझ्या प्रबंधाचं काय होईल ते देव जाणे. आदल्या दिवशी सर म्हणाले, “समितीपुढे घरगुती बोलणं नको. उत्तर एका शब्दात, स्पष्ट.” मी ताईला फोन करून तसं कळवलं.

“म्हंजे बाय म्हनायचं नाय?”

“उद्यापुरतं.”

“बरं,” ती म्हणाली. जरा हिरमुसली असावी.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुंबईच्या प्रयोगशाळेत समितीचे तिघे खुर्च्यांत, सर माइकपाशी आणि मी मॉडेमच्या दिव्यांकडे डोळे लावून. सरांनी नेहमीचा प्रश्न विचारला. स्पीकरमधून उत्तर आलं, “…आय.”

“नाय, म्हणजे नाही,” सरांनी समितीला समजावलं. मग माइकमध्ये म्हणाले, “छान. आता झाकण काढा आणि वरचा स्क्रू सैल करा.”

सगळे गप्प झाले आणि ताई कामाला लागल्यावर टिपलेलं चित्र उतरू लागलं. आधी भिंत. मग सरावाच्या फळीवरचा, करंट असला की पेटणारा छोटा दिवा. तो पांढरा होता. पेटलेला होता, की खिडकीचा उजेड त्यावर पडला होता? काळ्यापांढऱ्या चित्रात काय कळणार! मग ताईचे केस, कपाळ, खाली झुकलेले डोळे. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं.

कुणीतरी बोलायला लागलंय हे माझ्या यंत्रणेला कळेपर्यंत शब्दाचं तोंड निसटून जात होतं. मुंबईत ‘आहे’ आणि ‘नाही’ म्हणणाऱ्यांचं त्याने काही बिघडत नव्हतं, निम्मा शब्द गेला तरी निम्म्यावरून कळायचं. पण ‘हाय’ आणि ‘नाय’ यांत फरक काय तो तोंडाचाच. तार तेच खात होती आणि मागे ‘आय’ ठेवत होती. तालमीत हे कधी दिसलं नाही, कारण तिथे दरवेळी ‘बाय’चं तोंड जायचं आणि मागचा ‘नाय’ अख्खा यायचा.

चित्र खांद्यापर्यंत आलं होतं. गप्प राहिले तर ते हातापर्यंत उतरेल आणि मला दिसेल. पण दिसेपर्यंत बोट तारेला लागलं तर? बोलले तर चित्र तिथेच थांबणार, मग हात कुठे आहे ते कळणारच नाही. आणि समितीपुढे मध्येच ओरडायचं? आणि तिने खरंच ‘नाय’ म्हटलं असेल तर? मी सरांच्या हातातून माइक ओढून घेतला.

“ताय, हात नको लावूस! करंट हाय का नाय?”

मुंबईत इतकी वर्षं जपून ठेवलेली माझी शुद्ध भाषा तिथेच गळून पडली. समितीतलं कुणीतरी खाकरलं. स्पीकरमधून उत्तर आलं, “…आय.”

पुन्हा तेच. मी वेडी, पुन्हा तेच दोन शब्द विचारत होते!

“ताय, आधी बाय म्हण! आधी बाय म्हण नि मग सांग!”

क्षणभर काहीच नाही. मिळाली तेवढ्या शांततेत चित्र एक पट्टी खाली उतरलं. कोपर दिसलं.

“…आय, हाय. करंट हाय. मगाशी बी हायच म्हटलं मी.”

सर ओरडले, “मेन बंद करा, आधी मेन!” खोलीत उकडत होतं म्हणून कुणीतरी पंख्यासाठी मेन चालू केलं होतं, ते मागाहून कळलं.

मग कुणालाच काही बोलायला सुचेना. चित्र त्याचीच वाट बघत असावं. मी ओरडण्याआधी टिपलेलं ते चित्र पुन्हा उतरू लागलं. मनगट, स्क्रूड्रायव्हर, आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं झाकणाच्या आत, उघड्या तारेच्या अगदी कडेला. मधे तांदळाचा दाणा जेमतेम मावला असता. समितीतले एक गृहस्थ पुढे वाकले आणि म्हणाले, “चित्र मात्र स्वच्छ आलंय हो.”

त्यांच्यासमोरच मला रडू फुटलं. दोष दुरुस्त करायला त्यांनी मुदत दिली. पुढे प्रत्येक आवाज क्षणभर धरून ठेवून मग सोडायची सोय मी केली, खोली चालू राहिली आणि पदवीही मिळाली.

दुसऱ्या दिवशी मी सकाळीच वाडीवर पोचले. ताई पंपापाशी बसली होती. तिचे दोन्ही हात हातात घेऊन मी उलटसुलट बघितले. ती हसली.

“मी हाय सांगितलं नि सर बोलले उघड. मला वाटलं, त्यांना काय तरी ठावं असंल.”

“मग थांबलीस कशी?”

तिने हात सोडवून घेतले.

“बाय, तू मला आय म्हटलीस. कधी म्हटली नव्हतीस. तवा झटकन हात काढला.”

मी ‘ताय’ म्हटलं होतं. तारेने त्याचं काय केलं होतं ते मला नीट ठाऊक होतं, आणि समजावून सांगायला मी आयुष्यभर तेच तर शिकले होते. मी काही सांगितलं नाही.