आधी बसा

शुक्रवार, ४ ऑक्टोबर १९८५. बाजाराचा दिवस. हजर : मोठ्या बाई, मी, कंपाउंडर. गैरहजर : शिपाई, धान पाहायला गेलेला. चिंचेखालच्या बाकावर राजे, आणि बाकामागे उभ्या त्यांच्या घरच्या, रुखमाबाई.

मोठ्या बाई म्हणजे नागभीडकडच्या आमच्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टर. माजरीच्या खाण कामगाराची मुलगी. मी तिथली नर्स. गावोगावी त्यांना 'बसा-बाई' म्हणत. जंगलातून पायी आलेला माणूस दारात दिसला की त्यांचा पहिला शब्द 'बसा'. पाच मिनिटं बाकावर, पाठ टेकून, तोंड बंद. मगच दंडाला पट्टा. कुणी कुरकुरलं की म्हणत, "चालून आल्या आल्या मोजलं तर तुमची वाट मोजली जाते, बी.पी. नाही."

एकदा आकडा जास्त आला, तेवढ्यावरून त्या सहसा गोळी सुरू करत नसत. वेगळ्या दिवशी पुन्हा बोलावत. लोकांना ते पटत नसे. एक म्हातारा म्हणाला, "येवढ्या दुरून आलो. सुई नाई, गोळी नाई. खाली हातच धाडता?"

"मीठ कमी करा म्हटलं ना भाऊ, ते घेऊन जा."

त्यांच्या टेबलाच्या काचेखाली बी.पी.च्या उपचाराचे छापील कागद असत. कोणतं औषध आधी, किती दिवसांनी पुढची पायरी, सगळं त्यात. तपासणीला आलेले एक वरिष्ठ हसून म्हणाले, "माझा अनुभव आहे ना बाई, कागद कशाला?" बाई शांतपणे म्हणाल्या, "हे हजारो माणसांवर पारखून लिहिलंय, सर. माझा अनुभव त्या बाकापुरता."

आता राजे. एरवी धानाची शेती. पण दिवाळीनंतर झाडीपट्टीत नाटकं सुरू झाली की राजाचं काम त्यांचंच, म्हणून बारा महिने राजे. त्या शुक्रवारी त्यांचा आकडा पुन्हा वर होता. गोळ्या दोनदा वाढवून झाल्या होत्या. कागदाप्रमाणे आता तिसरं औषध.

"बाई, पडदा उघडाच्या आधी ठीक करा मले," राजे म्हणाले. "राजाच बिमार पडला तं नाटक कोन पाहीन?"

बाईंनी पेन उचललं. मागून रुखमाबाई म्हणाल्या, "वाढवू नका बाई. घरी उठले का घेरी येते यायले. सोमवारी आंगनात पडले."

"तू चूप राय. राजा पडत नाई."

बाईंनी पेन खाली ठेवलं. इथे आकडा वर, घरी घेरी. हे जुळत नव्हतं. एखादवेळी औषधानंच माणूस आडवा व्हायचा.

रविवारी आम्ही न कळवता त्यांच्या घरी गेलो. राजांना खाटेवर बसवलं, पाच मिनिटं गप्प. आकडा इतका खाली आला की बाईंनी पुन्हा मोजला. उभं करून मोजला, तर आणखी खाली.

"आज गोळी घेतली?"

"घेतली ना. रोज घेतो."

"शुक्रवारी?"

"शुक्रवारी कशी घेईन? तुमच्याकडं याचं असलं का दोन दिस आधीपासून बंद."

"काऊन?"

"गोळी घेऊन आलो तं बिमारी दिसन कशी तुमाले? चोर घरात असला तवाच पोलिसाले बलवा लागते."

"पाहा राजाचं डोकं," रुखमाबाई चुलीपाशी पुटपुटल्या.

मला हसू आलं. बाई हसल्या नाहीत. परतताना म्हणाल्या, "सिस्टर, कागदात पुढच्या पायरीआधी एक ओळ आहे. औषध घेतो का ते विचारा. मी 'रोज घेता का' विचारत राहिले. 'आज घेतली का' विचारायला हवं होतं."

पुढच्या बाजारापासून 'बसा'नंतरचा दुसरा प्रश्न तोच झाला. उत्तरं ऐकली तेव्हा कळलं, बाकावरचे बरेच जण आपापला चोर जपून घेऊन येत होते.

राजांच्या गोळ्या कमी झाल्या आणि नेमानं सुरू राहिल्या. उठताना घाई करायची नाही, अशी बाईंची ताकीद होती. त्या हिवाळ्यात ते सिंहासनावरून इतके सावकाश उठले की माझ्या मागचा एक जण म्हणाला, "काय रुबाब हाय."

पुढे बाईंची बदली सिरोंच्याकडे झाली. सामान चढलं, जीप सुरू झाली. मी निरोपाचं काही ऐकायला जवळ गेले, तर म्हणाल्या, "सिस्टर, रुखमाबाईंचं राहिलं."

खरंच होतं. ज्या बाईच्या एका वाक्यानं राजे वाचले, ती कायम बाकामागे उभी. तिला 'बसा' कुणी म्हटलंच नव्हतं.

तेव्हापासून हे काम माझ्याकडे आहे. मशीन घेऊन घरी गेले तर रुखमाबाई चहा ठेवतात. "बसीन ना सिस्टर, यायचं जेवन होऊ द्या." गेल्या बाजारी राजांबरोबर आल्या, तेव्हा मी हाताला धरून त्यांना बाकावर बसवलं. पाठ टेकली, तोंड बंद केलं. तेवढ्यात राजांनी फाटकातून हाक दिली, पिशवी कुठी ठेवली म्हणून.

त्या उठल्या. पट्टा माझ्या हातातच राहिला.